कडूंचे काडू

३ एप्रिल, सकाळी

आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. शिवाय दुकानात जायचं नाही, त्यामुळे हात मोकळा.

दुकान मुलाकडे, विनीतकडे सोपवलं. 'भुवड मोटर रिवाइंडिंग', साळवी स्टॉप. अलोऱ्याच्या कॉलनीत पंखे पुसणारा पोरगा होतो, तिथून इथवर आलो ते कानाच्या जोरावर. मोटर चालू करा, मी पाठ करून उभा राहतो, बेअरिंग गेलंय की वाइंडिंग ते सांगतो. आजवर चुकलो नाही. जी चुकली ती मोटर होती.

काल विनीत सूनबाईंना हळू आवाजात सांगत होता, बाबा दुकानात आले की गिऱ्हाईक निघून जातं. माझ्यासमोर बसायला लोक संकोचतात हे खरंच आहे. म्हणून मी आपण होऊन बाजूला झालो. कोणी काढलं नाही.

नवा उद्योग ठरला: गांडूळखत. परसात, शेजारच्या नि आमच्या मधल्या दगडी गडग्याला लागून सिमेंटची टाकी बांधून तयार आहे. गांडूळ हा आदर्श कामगार. पगार नाही, युनियन नाही, उलट बोलणं नाही.

५ एप्रिल

सावर्ड्याहून गांडुळं आली. ओल्या गोणपाटात, तांबडी, तुकतुकीत, कामसू चेहऱ्याची. (चेहरा कुठल्या बाजूला ते सावनी सांगणार आहे. सूनबाई झूलॉजीच्या एम.एस्सी. आहेत. घरात एक तज्ज्ञ फुकट असलेला बरा.)

आमची ही, विमला, गोणीत डोकावली आणि म्हणाली, "अगोबाई, एवढे काडू!" तिचं माहेर पूर्णगड. तिकडे गांडुळाला काडू म्हणतात, गरीला लावून मासे धरतात. मी बजावलं, हा शब्द या घरात आजपासून बंद. हा धंदा आहे. गांडूळ म्हण, नाहीतर वर्म म्हण. काडू म्हटलं की मालाची किंमत उतरते. ती म्हणाली, "बरं." विमलाचं 'बरं' म्हणजे काम फत्ते.

त्यामुळे तो शब्द घरातून गेला.

८ एप्रिल, संध्याकाळ

साकवाच्या कठड्यावर कडूबरोबर चहा. हा आमचा नेम. शेजारी घर बांधलं तेव्हापासून रोज संध्याकाळी वहाळावरच्या त्या छोट्या पुलाच्या कठड्यावर दोघं बसतो, थर्मास त्याचा, बिस्किटं माझी. दादू कडू, एसटीचा रिटायर्ड कंट्रोलर. जन्मभर माइकवर गाड्या सांगितल्यामुळे कानात सांगायची गोष्टही फलाट क्रमांकासकट सांगतो. पण माणूस सोन्यासारखा. मला रत्नागिरीत आल्या दिवसापासून 'अरे' म्हणणारा हा एकच उरलाय.

एक मेला टाकीचं उद्घाटन करायचं ठरवलं. प्रमुख पाहुणे म्हणून बऱ्याच बड्या लोकांचा विचार केला. त्यांनी माझा केला नाही. शेवटी कडूला विचारलं. तो म्हणाला, "मेल्या, गांडुळांचं उद्घाटन? फीत त्यांनी कापायची की मी?" पण डोळे चमकले. पांढरा शर्ट इस्त्रीला टाकतो म्हणाला.

११ एप्रिल

मोटर बसवली! माझ्या आयुष्यातलं सर्वोत्तम वाइंडिंग, कित्येक वर्षं कपाटात जपून ठेवलेलं. टाकीच्या चौथऱ्यालाच बोल्ट मारून पक्की केली, तिच्यावर फवारा. चालू केली की सगळा चौथरा एका सुरात गुणगुणतो. गांडुळांना कामाच्या जागी संगीत. सकाळ-संध्याकाळ चालवायची.

खाद्य: काजूची बोंडं. सध्या गावात बोंडांचा सडा आहे, कोणी विचारत नाही. पाट्याच्या पाट्या ओतल्या. सावनी म्हणाली, "बाबा, आंबट घालू नका. आणि शेण कुजलेलं घ्या, ताजं तापतं." मी म्हटलं, आम्ही लहानपणी बोंडंच खाऊन वाढलो. ती गप्प झाली. तज्ज्ञांना अनुभवापुढे गप्प व्हावंच लागतं.

शेण ताजंच घातलं. शिळं मी कोणाला वाढत नाही.

१४ एप्रिल

फाटकावर फ्लेक्स लावला. नाव बरंच विचार करून: 'भुवड यांचे वर्म'. खाली माझा फोटो, हात जोडून.

सकाळपासून वर्मा शेट आहेत का म्हणून दोघं विचारून गेले. विमलाने चष्मा लावून वाचलं नि म्हणाली, "वर्म म्हणजे दुखरी जागा ना? मग तुमचा फोटो बरोबर आहे." हिला ब्रँडिंग कळत नाही.

कडूने रस्त्यावरूनच जाहीर केलं, "भुवड यांचे वर्म, भुवड यांचे वर्म, फाटक क्रमांक एकवर लागलेले आहे." वाडीभर हशा. मीही हसलो. फुकटची जाहिरात.

१६ एप्रिल

गांडुळं कमी वाटतात.

वाटतात नव्हे, आहेत. फावड्याने हलकं उकरलं. पहिल्या दिवशी शेवयांसारखी गच्च होती. आज इकडे एक, तिकडे एक, उपवासाच्या दिवशी खानावळीत बसावीत तशी. खत गरम लागलं. म्हणजे काम जोरात चाललंय. मग कामगार कुठे?

सावनीला विचारलं, गांडूळ उडतं का? नाही. विरघळतं का? नाही. मग तिने वर्म या विषयावर सगळं सांगितलं. वर्म अशी एक जातच नाही म्हणे. जे लांबट, मऊ, बिनपायाचं, त्याला माणसाने सरसकट वर्म म्हणून टाकलं. गांडूळ आणि जळू जवळचे भाऊबंद, पण पोटातला जंत वेगळ्या घराण्यातला, आणि पट्टीसारखा जंत त्याहून वेगळ्या. भाट्याच्या खाडीत चिखलात राहणारे आणखी निराळे. जहाजाचं लाकूड पोखरतो तो शिपवर्म तर चक्क शिंपल्यांच्या नात्यातला. रेशमाचा किडा, म्हणजे सिल्कवर्म, पुढे पतंग होऊन उडतो, तो फुलपाखराच्या नात्यातला. एकसारखे दिसतात, नातं काही नाही.

मी ते फार मन लावून ऐकलं. एकसारखे दिसतात, नातं काही नाही. माणसांचंही असंच. रोज एका कठड्यावर बसतात, एका थर्मासातून पितात. पण आत कोण कुठल्या घराण्यातला, कोणी पाहिलंय?

कडूची केळ अलीकडे फार माजलीय. बरोबर गडग्यापलीकडे.

मनात काही नाही. नुसतं लिहून ठेवतो.

१८ एप्रिल, दुपारी

माझ्या कानांनी आज घर फोडलं.

मी न्हाणीघराच्या मागे पाइप बघत होतो. विमला गडग्याशी उभी. पलीकडे कुसुमवहिनी, कडूची बायको. मी ऐकत नव्हतो, ऐकू आलं. शब्द न् शब्द उतरवतो.

विमला: "काय गो कुसुम, आज पण आले काय कडू?"

वहिनी: "आले ना. गडग्याच्या भोकातून. नि केळीखाली जाऊन पडलेत सुस्त."

विमला: "ह्यांना कळू देऊ नकोस हां. ह्यांचा जीव आहे त्यांच्यावर."

वहिनी: "मी कशाला सांगते? गपचूप परत घालू."

पाइप हातातून पडला. म्हणजे कडू येतो! गडग्याच्या भोकातून, माझ्या परसात! माझी गांडुळं नेतो आणि दमून आपल्या केळीखाली पडतो! आणि माझी बायको हे जाणते!

एक शंका मलाही आली. कडूचं पोट आणि गडग्याचं भोक यांचं माप जुळत नाही. पण जन्म एसटीत गेलेला माणूस. भरल्या गाडीत खिडकीतून कसं शिरतात हे त्याने रोज पाहिलंय.

दुसरी शंका: वहिनी नवऱ्याला आडनावाने का बोलतील? पण त्या डेपोच्या क्वार्टर्समध्ये राहिलेल्या. तिथे सगळेच कडू, कडू करत असणार.

ऐकण्यात चूक होणं शक्य नाही. हे कान आहेत.

१८ एप्रिल, संध्याकाळ

साकवावर गेलो नाही. विमलाशी बोललो नाही. तिच्या ते लक्षात आलं नाही.

२१ एप्रिल

कडूवर बहिष्कार चालू. तीन संध्याकाळी तो कठड्यावर एकटा थर्मास घेऊन बसला. मी माडीच्या खिडकीतून पडद्याआडून बघतो. बिस्किटं मी एकटाच खातो आणि ती घशाखाली उतरत नाहीत. दगा खाल्लेल्या माणसाचं असंच होतं.

आज त्याने रस्त्यावरून हाक मारली, "रावजी! अरे, आहेस की सुटलास?" मी पडदा ओढून घेतला. विमला बाहेर जाऊन म्हणाली, "भावोजी, ह्यांचं पोट बरं नाही. बहुतेक जंत झालेत."

जंत! मला! ज्या माणसाने माझ्या ताटातली गांडुळं ओढून नेली, त्याला माझ्या पोटातल्या जंतांची खबर!

तासाभरात वहिनींकडून वावडिंगाची पुडी आली. वर निरोप: ह्यांनी स्वतः कुटलंय, काढा करून द्या. कडूचा हा कावा माझ्या लक्षात आला. आधी लुटायचं, मग औषध पाठवायचं.

काढा विमलाने चहात घातला. बोललो नाही. अबोला असल्यामुळे तक्रारही करता येत नाही, ही त्यातली मोठी अडचण.

२३ एप्रिल, सकाळी

पुन्हा गडग्यापाशी. या खेपेला मुद्दाम ऐकलं. आता तपास म्हटल्यावर ऐकणं भाग आहे.

वहिनी: "काल कोंबडी लागली कडूंच्या मागे. मी काठी घेऊन धावले म्हणून."

विमला: "अरे देवा. काही केलं नाही ना?"

वहिनी: "टोचलंन एक-दोनदा. कडू तरी कसले, ओले असले की हातातून निसटतात. धरून बादलीत कसे घालायचे?"

विमला: "राखाडी लावून धर. माझी आई तशीच धरायची."

मी फार वेळ विचार केला. कडूला कोंबडी टोचली, हे पटतं. तो तसा भित्रा आहे. कडू ओला असतो, हेही पटतं. दिवस उकाड्याचे आहेत. पण विमलाची आई कडूला राखाडी लावून कशी धरायची? त्या वारल्या तेव्हा तर आम्ही कडूला ओळखतही नव्हतो.

म्हणजे हे प्रकरण मला वाटत होतं त्याहून जुनं आहे.

२४ एप्रिल, पहाटे फिरून आल्यावर

रंगेहाथ!

रोज मी हायवेपर्यंत चालून येतो. आज चपलेचा अंगठा तुटला म्हणून लवकर परतलो. बघतो तर कडू. माझ्या परसात. माझ्या टाकीवर ओणवा. हातात झाकलेली बादली. गुडघ्यावर हात टेकून तो उभा राहिला, कण्हला, आणि गडग्याची ढासळलेली बाजू धरून हळूहळू पलीकडे गेला. गडग्याच्या भोकातून नव्हे, कडेने. एवढा एक मुद्दा वहिनींच्या बोलण्यात चुकीचा होता.

हाक मारणार होतो. त्याऐवजी तुटकी चप्पल हातात घेऊन न्हाणीघरामागे सरकलो. एवढ्या वर्षांचा चहा घशाशी आला.

सोयरा दगा देतो, भाऊबंद देतात, ते मी सगळं बघून बसलोय. अलोऱ्याहून निघालो तेव्हा चुलत्याने जमीन खाल्ली, तेव्हाही एवढं झालं नाही. तिथे नातं होतं. इथे मी नातं नसताना जीव लावला होता.

२६ एप्रिल

निश्चय: उद्घाटन होणारच. प्रमुख पाहुणा कडूच. आमंत्रण रद्द करणार नाही. सगळ्यांसमोर, माइकवर, बुरखा फाडणार. पण नाव घ्यायचं नाही. मी सभ्य माणूस आहे. सूचक बोलायचं.

आरशासमोर भाषणाची तालीम केली. सावनी दारात येऊन म्हणाली, "बाबा, ती मोटर जरा चौथऱ्यावरून खाली घ्याल का? मला वाटतं, गांडुळांना..." मी हात वर करून थांबवलं. म्हटलं, सूनबाई, दोष यंत्रात नसतो, माणसात असतो. हे वाक्य इतकं चांगलं झालं की भाषणात घातलं.

२९ एप्रिल

चमत्कार. टाकी उघडली तर गांडुळं पुन्हा गच्च!

म्हणजे कडूला कुणकुण लागली. घाबरून माल परत करतोय. पकडलेल्या चोराची ही पहिली खूण.

क्षणभर वाटलं, जाऊ द्या, मिटलं. माल आला, मित्र राहिला. पण मग भाषणाचं काय? इतकं पाठ केलेलं?

शिवाय त्याने तोंडाने कबूल कुठे केलंय? आज रस्त्यात भेटला. काल-परवापासून लंगडतोय. म्हणाला, "जंत पडले का रे?" इतकंच. आणि माझ्याकडे बघून हसला. निर्ढावलेला माणूस असाच हसतो.

१ मे, रात्री जेवण न करता

लिहायचं नव्हतं. लिहितो.

सकाळी खुर्च्या मांडल्या. वाडीतले लोक, दुकानातले कारागीर, विनीतचे मित्र. कडू पांढऱ्या कडक शर्टात, डोक्याला तेल, एसटीचा जुना बिल्ला घासूनपुसून खिशाला लावलेला. वहिनी नव्या लुगड्यात. कडूच्या हातात मी नारळ दिला. त्याने माझा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला. मी सोडवून घेतला.

मग भाषण. आधी अलोऱ्याचे पंखे, मग कान, मग गांडुळाची महती. लोक रंगले. मग मी आवाज खाली आणला. म्हटलं, या टाकीतून गांडुळं चोरीला जात होती. चोर लांबचा नाही. चोर आपल्यात बसलाय. पुढच्या रांगेत. दोष यंत्रात नसतो, माणसात असतो. मी नाव घेणार नाही. एवढंच सांगतो की त्या माणसाचं नाव चवीला गोड नाही.

कोणीतरी खिदळलं. मग सगळ्या माना एकदम वळल्या. रत्नागिरीच्या लोकांना सूचक बोललेलं फार पटकन कळतं.

कडू बसला होता तसाच बसला. हातातला नारळ त्याने मांडीवर ठेवला. मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं होतं, तो चिडेल, ओरडेल, माइकसारख्या आवाजात काही म्हणेल. मी उत्तरंही तयार ठेवली होती. तो फक्त म्हणाला, "चालू कर रे तुझी मोटर." आणि उठून माझ्या शेजारी टाकीपाशी येऊन उभा राहिला. पाहुणा म्हणून बोलावलं होतं, तेवढं काम पुरं करायला.

त्याने बटण दाबलं. मोटर लागली. चौथरा गुणगुणायला लागला. काय तो सूर! गोणपाट बाजूला केलं. लोक वाकले.

आधी एक आलं वर. मग दोन. मग अख्खी टाकी वर आली. एकमेकांच्या अंगावरून, घाईघाईने, सगळी एका कोपऱ्याकडे. तिथे पाणी जायला मी भोक ठेवलंय, गडग्याच्या बाजूला. सभा सुटल्यावर दारात जशी गर्दी होते तशी गर्दी झाली त्या भोकापाशी, आणि माझे वर्म बाहेर पडून चिऱ्यांच्या फटीतून गडग्यापलीकडे जायला लागले. समोर, माझ्या सगळ्या पाहुण्यांच्या देखत.

विमला ओरडली, "अहो, मोटर बंद करा! काडू चालले!"

मी म्हटलं, जाऊ दे कडूला!

आणि बघितलं तर कडू माझ्या शेजारी उभा होता.

 फक्त मोटरचा आवाज. शेवटी सावनीने खटका बंद केला आणि हळू म्हणाली, "बाबा, जमीन हादरली की ती पळतात. त्यात खालून बोंडांचा आंबटपणा, वरून ताज्या शेणाची उष्णता. मी त्या दिवशी तेच सांगत होते."

कडूने नारळ खुर्चीवर ठेवला, चपला शोधल्या, वहिनींना म्हणाला, "चल." आणि लंगडत गेला. जाताना काही अनाउन्स केलं नाही.

२ मे

विमलाने अबोला संपवला. (तो माझा होता, पण संपवला तिने.) सगळं सांगितलं. काडू रोज गडग्याखालून पलीकडे जात होते. बायका ते वेचत होत्या, आणि कडू पहाटे ते बादलीतून आणून माझ्या टाकीत सोडत होता. गडगा ओलांडताना त्याचा गुडघा दुखावला. त्यानेच बजावलं होतं की रावजीला सांगू नका, उद्घाटनाआधी हिरमोड होईल त्याचा.

मी विचारलं, तो शब्द या घरात बंद होता ना? ती म्हणाली, "घरात बंद होता. मी गडग्यावर बोलत होते."

शांतपणे विचार केला असता असं दिसतं की यात माझ्या कानांचा दोष नाही. दोष उच्चाराचा आहे. विमला आणि वहिनी 'का'तला काना पुरेसा ओढत नाहीत. फरक फक्त एका कान्याचा. शिवाय मराठीची रचना अशी की एका मोठ्या माणसाबद्दल आदराने बोला किंवा पुष्कळ गांडुळांबद्दल बोला, 'आले', 'पडले', 'गेले' सगळं सारखंच. यात कोणीही फसेल. व्याकरणाने दगा दिला.

हे सगळं कडूला समजावून सांगितलं तर त्याला पटेल. सुशिक्षित माणूस आहे.

आधी मोटर काढली. चार बोल्ट. हाताला फार जड लागली.

४ मे

संध्याकाळी साकवावर गेलो. बिस्किटं घेऊन. कठडा रिकामा. बसलो. वहाळात पाणी नाही. गुरं गेली, मिरकरवाड्याची मासेवाली टोपली घेऊन गेली. तिने विचारलं, "एकटेच?" मी म्हटलं, येतोय तो.

अंधार पडेपर्यंत आला नाही. बहुतेक गुडघ्यामुळे.

५ मे

आला नाही. गुडघा बराच दुखावला असावा. विमला म्हणाली, सकाळी बाजारात चालत गेले होते. म्हणजे येताना दुखला असेल.

फ्लेक्स काढून टाकला. विनीतने विचारलं, दुकानात बसता का परत? मी म्हटलं, बघू. त्याने पुन्हा विचारलं नाही.

सावनी म्हणाली, टाकी रिकामी करून कुजलेलं शेण भरूया, मी मदत करते. मी हो म्हटलं. बोंडं आम्ही दोघांनी उपसली. वास असा की गांडुळांचा राग समजला.

६ मे

आज एक निर्णय घेतला. कडूला मी माफ केलं. म्हणजे, त्याने काही केलेलं नाही हे लक्षात घेऊन. बरेच दिवस मनात धरलं, आता सोडून दिलं. हलकं वाटलं.

त्याला अजून कळवलेलं नाही.

विमलाला सांगितलं. ती भाजी चिरायची थांबली. म्हणाली, "माफ तुम्ही करताय?" आणि पुन्हा चिरायला लागली. सुरी जरा जोरात.

७ मे, संध्याकाळ

गेलो. रस्त्याने, फाटकातून, सरळ. कितीतरी वर्षांत प्रथमच त्याच्या फाटकाची कडी वाजवली. एरवी गडग्यावरून हाक मारायचो.

बोलायचं सगळं ठरवून गेलो होतो. आधी उच्चार, मग व्याकरण, मग शेवटी, जमलं तर, ते दुसरं. फाटकाशी उभा राहिलो आणि पहिलं दोन्ही विसरलो. फक्त ते दुसरं राहिलं. ते तोंडात घेऊन उभा.

कुसुमवहिनी आल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला, जमिनीकडे बघत म्हणाल्या, "हे घरात नाहीत, भावोजी."

आत खुर्ची करकरली. कडूची वेताची खुर्ची. ती अशी करकरते ते तो पाय खाली घेतो तेव्हा. मला ठाऊक आहे. पण ऐकू आल्यासारखं दाखवलं नाही.

म्हटलं, बरं. आले की सांगा, रावजी येऊन गेला.

तर आतून, सगळ्या वाडीला जाईल अशा आवाजात प्रश्न आला, "किती वाजता?"

जन्माची सवय. वेळ विचारल्याशिवाय राहवलं नसेल.  वहिनी पदराचं टोक चावत माझ्या चपलांकडे बघत राहिल्या. मीही चपलांकडेच बघितलं.

म्हटलं, आत्ताच.

 मग आतून, "बरं."

घरी आलो. विमलाने विचारलं, भेटले का? मी म्हटलं, नाही, घरात नव्हता.